नरकातली गर्दी

सव्वादोन वर्षं जपानमध्ये घालवून संत फ्रान्सिस झेवियर १५५२च्या जानेवारीत कोचीला आले आणि तिथून त्यांनी युरोपातल्या आपल्या सहकाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. जपानमध्ये नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांचं एक दुःख त्या पत्रात नोंदलेलं आहे. नरकाचं दार एकदा लागलं की पुन्हा उघडत नाही, हे ऐकल्यावर त्या लोकांनी विचारलं, मग आमच्या मेलेल्या आईबापांचं काय? लेकरांचं काय? दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल का? झेवियर यांचं उत्तर होतं, नाही. लोक रडत राहिले. ज्यांच्यावर आपला जीव आहे त्यांना असं रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं झेवियर यांनी त्याच पत्रात लिहून ठेवलं आहे.

त्या जपानी माणसांना नरक नवा नव्हता. बौद्ध परंपरेत नरकांची कमतरता नाही. पण तिथला मुक्काम कितीही लांबला तरी कधीतरी संपतो, आणि मागे राहिलेल्यांनी केलेलं पुण्यकर्म मेलेल्यांच्या उपयोगी पडतं. मराठी वाचकालाही हे ओळखीचं आहे. यातनांच्या वर्णनात गरुडपुराण कुठंच हात आखडता घेत नाही, पण पापाचा हिशेब फिटला की जीव पुढच्या जन्माला जातो आणि पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढता येतं. ख्रिस्ती नरकाचं वेगळेपण आगीत किंवा छळात नाही, ते मुदतीत आहे. एकच जन्म, एकच निवाडा आणि त्यावर अपील नाही.

निदान प्रचलित समज असा आहे. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्मात या विषयावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. त्या वादाचा आलेख पाहिला तर एक गंमत दिसते. नरक आहे आणि तो कायमचा आहे, हे सूत्र मुख्य चर्चसंस्थांनी कधीच अधिकृतपणे मागे घेतलं नाही. बदलत गेला तो दुसराच आकडा. तिथं जाणार कोण आणि किती, याचं उत्तर शतकागणिक आक्रसत गेलं.

जेरुसलेमच्या वेशीबाहेरचं खोरं

ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथांत, म्हणजे ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात, आज आपण समजतो तसा नरक जवळपास नाहीच. तिथं आहे तो अधोलोक. जमिनीखालचा, अंधारा, निःशब्द. राजा असो की गुलाम, भला असो की बुरा, मेल्यावर सगळे तिथंच जातात. मेलेले पुन्हा उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही कायमच्या लाजेसाठी, हा विचार स्पष्टपणे येतो तो दानिएलाच्या पुस्तकात. अभ्यासक या भागाचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात धरतात. परकीय राजवटीत धर्मासाठी मारल्या गेलेल्या ज्यूंची आठवण तेव्हा ताजी होती. जो नेमानं वागला तो मेला आणि मारणारा सुखात राहिला, तर देवाच्या न्यायाला अर्थ काय, या प्रश्नातून मरणोत्तर निवाड्याची कल्पना बळावली.

येशूच्या तोंडी नरकासाठी जो शब्द येतो, तो एका खऱ्याखुऱ्या जागेवरून आलेला आहे. जुन्या जेरुसलेमच्या नैऋत्येला आणि दक्षिणेला हिन्नोमचं खोरं आहे. आजही तिथं जाता येतं. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथं स्वतःची मुलं अग्नीत होमली, असं बायबल सांगतं. पुढं योशीया राजानं ती जागा मुद्दाम विटाळली, म्हणजे पुन्हा कुणी तिथं बळी देऊ नये. यिर्मया संदेष्ट्यानं त्या खोऱ्याला कत्तलीचं खोरं म्हटलं. अनेक प्रवचनांत ऐकू येतं की तिथं शहराचा कचरा सतत जळत असे. या गोष्टीचा उगम बाराव्या-तेराव्या शतकातल्या दाविद किम्ही या ज्यू भाष्यकारापर्यंत जातो. येशूच्या काळातला त्याचा पुरावा मिळालेला नाही. खोऱ्याच्या नावाला चिकटलेली दहशत पोरांच्या बळीची होती, कचऱ्याची नव्हे.

नव्या करारात खोऱ्याच्या नावावरून आलेल्या या शब्दाचा उल्लेख १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ येशूच्या बोलण्यात आहेत आणि एक याकोबाच्या पत्रात. ख्रिस्ती विचाराला सर्वांत जास्त आकार देणाऱ्या पौलानं आपल्या पत्रांत तो शब्द एकदाही वापरलेला नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नव्या करारातली विधानं एका सुरात बोलत नाहीत. मत्तयाच्या २५व्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात, आणि एका गटाला सार्वकालिक शिक्षा तर दुसऱ्याला सार्वकालिक जीवन मिळतं. त्याच मत्तयाच्या १०व्या अध्यायात शरीर आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकणाऱ्या देवाचं भय धरायला सांगितलं आहे. तिसरीकडे पौल करिंथकरांना लिहितो की शेवटी देव सर्वांत सर्वकाही होईल. शिक्षा, नाश आणि पुनर्मीलन. पुढच्या दोन हजार वर्षांतली तिन्ही मतं या तीन प्रकारच्या वचनांवर उभी आहेत. कुठलं वचन शब्दशः घ्यायचं आणि कुठलं त्याच्या उजेडात वाचायचं, एवढाच भांडणाचा मुद्दा.

ओरिजेनची आशा, ऑगस्टिनचा मोर

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा पूर्वेकडचा सर्वांत मोठा ख्रिस्ती पंडित होता. देवाची शिक्षा वैद्याच्या औषधासारखी असते, कडू पण बरं करण्यासाठी दिलेली, असं त्याचं मत. मग ती अनंत कशी असेल? कितीही युगं लागोत, प्रत्येक बुद्धिमान जीव अखेर देवाकडे परतेल, अशी आशा त्यानं मांडली. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी याच वाटेनं गेला. पुढं काय झालं पाहा. ओरिजेन वारल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, ५४३ साली, सम्राट जस्टिनियननं त्याच्या मतांविरुद्ध फर्मान काढलं आणि ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेशी त्याचा धिक्कार कायमचा जोडला गेला. ग्रेगरीला मात्र कुणी हात लावला नाही. तो आजही संत आहे.

नाशाचं मत मांडणाराही त्याच सुमाराला होता. इसवी सन ३००च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या आर्नोबियसनं लिहिलं की आत्मा जन्मतः अमर नसतोच, दुष्टांचे आत्मे शेवटी विझून जातात. तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पश्चिमेचा प्रश्न निकालात काढला तो ऑगस्टिननं (३५४ ते ४३०). त्याच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा एकविसावा खंड या विषयालाच वाहिलेला आहे. शरीर आगीत कायमचं जळत राहील आणि तरी संपणार नाही, हे शक्य तरी आहे का, अशी टीकाकारांची शंका होती. ऑगस्टिननं उत्तरादाखल निसर्गातली नवलं गोळा केली, आणि त्यात स्वतःचा एक प्रयोगही घातला. कार्थेजमध्ये त्याच्या पानात शिजवलेला मोर आला. मोराचं मांस नासत नाही, अशी लोकांची समजूत होती. त्यानं छातीचा एक तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. महिन्यानं पाहिलं तर वास येत नव्हता, वर्षानं पाहिलं तर नुसता सुकलेला. न नासणारं मांस देव मोराला देऊ शकतो, तर न संपणारं शरीर पाप्याला का नाही?

त्याचा खरा युक्तिवाद मात्र व्याकरणाच्या अंगानं जाणारा आणि जास्त चिवट होता. मत्तयाच्या एकाच वाक्यात शिक्षा आणि जीवन, दोन्हींना एकच विशेषण लावलेलं आहे. शिक्षेची मुदत कमी केली तर स्वर्गाचीही करावी लागेल. याला प्रतिवाद करणारे आजही धाप लागेपर्यंत धावतात.

ऑगस्टिनच्या हिशेबात आदामाच्या पापामुळे सगळी मानवजात आधीच दोषी होती. देव त्यातल्या काहींना कृपेनं वाचवतो. बहुसंख्य वाचत नाहीत. बाप्तिस्मा न होता गेलेलं तान्हं मूलही त्यांत आलं, फक्त त्याची शिक्षा सगळ्यांत सौम्य. नरक गच्च भरला तो इथं.

सिंधूकाठचा माणूस

मध्ययुगात ही गणती अधिकृत झाली. १४४२ साली फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेनं जाहीर केलं की मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी, फुटीर असे चर्चबाहेरचे सगळे, मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर, सार्वकालिक अग्नीत जातील. यात किती माणसं बसतात याची कल्पना त्या काळच्या युरोपला नव्हती. कोलंबसाची सफर अजून ५० वर्षं पुढं होती.

शंका मात्र आधीच उमटली होती. डान्टेच्या ‘दिव्य विनोदिका’चा पहिला भाग नरकावर आहे, आणि नरकाची जी नऊ वर्तुळं जगाच्या डोक्यात बसली ती त्याची. तळाशी त्यानं आग ठेवली नाही, बर्फ ठेवला. विश्वासघातक्यांच्या मधोमध सैतान छातीपर्यंत गोठून अडकलेला आहे. पण या विषयातला त्याचा सर्वांत धारदार प्रश्न नरकाच्या भागात नाही, स्वर्गाच्या भागात, एकोणिसाव्या सर्गात आहे. सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मतो. तिथं ख्रिस्ताविषयी सांगणारं कुणी नाही, लिहिणारं नाही. त्याचं वागणं-बोलणं निर्मळ आहे. तो बाप्तिस्म्याविना मरतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कुठला? चौदाव्या शतकातल्या इटालियन कवीनं आपल्या शंकेसाठी हिंदुस्थानातला माणूस निवडला. उत्तर म्हणून डान्टेला ऐकवलं जातं की देवाचा न्याय मोजायला तुझी नजर तोकडी आहे. पुढच्याच सर्गात मात्र तो ट्रॉयच्या एका ख्रिस्तपूर्व योद्ध्याला स्वर्गात बसवतो.

नरक आणि स्वर्ग यांच्यामध्ये एक तिसरी जागा याच काळात पक्की झाली, ती शुद्धिस्थान. देवाच्या कृपेत मेलेला पण पूर्ण शुद्ध न झालेला जीव इथं तावून-सुलाखून निघतो आणि मग स्वर्गात जातो. मृतांसाठी प्रार्थना फार जुनी होती, पण शुद्धिस्थान हे नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं, असं फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांनी दाखवून दिलं. १२७४ची लियॉनची, १४३९ची फ्लोरेन्सची आणि १५६३पर्यंत चाललेली ट्रेंटची अशा धर्मपरिषदांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. २ नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी मिस्सा होते, त्यामागं हीच शिकवण आहे. जिवंत माणूस मेलेल्यासाठी काहीतरी करू शकतो. पण ही सोय ख्रिस्ती मृतांपुरती. जपानी पूर्वजांच्या बाबतीत झेवियर यांचे हात बांधलेले होते ते यामुळे.

शुद्धिस्थानातला काळ कमी करून देणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांचा बाजार मांडला गेला, आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं त्याविरुद्ध आवाज उठवला. प्रोटेस्टंटांनी पुढं शुद्धिस्थानच मोडीत काढलं. याचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. मधली खोली पाडल्यावर दोनच दारं उरली. धड ना संत, धड ना दुष्ट अशा सर्वसामान्य माणसाला आता तडक इकडं किंवा तिकडं जायचं होतं. ८ जुलै १७४१ रोजी अमेरिकेतल्या आजच्या कनेटिकटमध्ये, एनफिल्ड गावी, जोनाथन एडवर्ड्सनं संतप्त देवाच्या हातातल्या पाप्यांवर प्रवचन दिलं. आगीवर धरलेल्या कोळी किड्याची उपमा ऐकून लोक इतके आक्रंदू लागले की त्याला थांबावं लागलं. भीतीला इतकी धार येते ती मधला टप्पा नसल्यामुळे.

नोकरी गेली, खटला जिंकला

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही इमारत हलली, आणि हलवणारे पाद्रीच होते. एफ. डी. मॉरिस लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. सार्वकालिक म्हणजे न संपणारा काळ असं नव्हे, तो देवाशी असलेल्या किंवा तुटलेल्या नात्याचा गुण आहे, असं त्यांनी लिहिलं. १८५३ साली त्यांची नोकरी गेली. अकरा वर्षांनी, १८६४ साली, ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या गाजलेल्या निबंधसंग्रहातल्या दोन लेखकांवरचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढं आला. दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणं हा चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यासाठी गुन्हा ठरत नाही, असा निकाल लागला. संतापलेल्या सुमारे ११ हजार पाद्र्यांनी अनंत शिक्षेवर आपला विश्वास असल्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मत सह्यांनी टिकवायची वेळ आली होती.

याच दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप जॉन कोलेन्सो यांनी रोमकरांस पत्रावरच्या आपल्या १८६१च्या भाष्यात अनंत नरक नाकारला. झुलू लोकांमध्ये राहून, त्यांच्या पूर्वजांविषयी तीच गोष्ट त्यांना तोंडावर सांगणं कोलेन्सो यांना जमेना. तीनशे वर्षांपूर्वी जपानमध्ये विचारलेला प्रश्न इथं पुन्हा उभा राहिला आणि या वेळी बिशपनं बाजू बदलली. पुस्तकात नरक सोपा असतो. समोरच्या माणसाच्या आईला तिथं पाठवायचं म्हटलं की अवघड होतो. मिशनरी जगभर गेले आणि त्यांना भेटलेल्या माणसांनी त्यांच्या धर्मशास्त्राला असा धक्का दिला.

दार आतून बंद

कॅथलिक चर्चचं वळण विसाव्या शतकात आलं. चर्चबाहेर तारण नाहीच, हे सूत्र शब्दशः लावून धरणारे बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी यांचा अर्थ चुकीचा आहे असं व्हॅटिकननं १९४९ साली कळवलं आणि १९५३ साली त्यांना आज्ञाभंगासाठी बहिष्कृत केलं. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं जाहीर केलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला जागून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. फ्लोरेन्सच्या यादीतली कोट्यवधी नावं त्या एका परिच्छेदानं सुटली. डान्टेच्या सिंधूकाठच्या माणसाला साडेसहाशे वर्षांनी उत्तर मिळालं. २००७ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं म्हटलं.

नरकाचं स्वरूपही बदललं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै १९९९मध्ये सांगितलं की नरक ही जागा असण्यापेक्षा देवापासून स्वतःहून कायमचं तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. देव ढकलत नाही, माणूस नाकारतो. नरकाची दारं आतून बंद असतात, ही कल्पना ब्रिटिश लेखक सी. एस. लुइस यांनी १९४० सालीच लोकप्रिय केली होती. स्विस ईशज्ञानी हान्स उर्स फोन बाल्थासार यांनी आणखी पुढं जाऊन म्हटलं की सगळे तरतील असं ठामपणे सांगता येत नाही, पण तशी आशा धरणं हे कर्तव्य आहे. जानेवारी २०२४मध्ये पोप फ्रान्सिस एका इटालियन दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हणाले, हे माझं वैयक्तिक मत, पण नरक रिकामा आहे असा विचार करायला मला आवडतं. ऑगस्टिनच्या गच्च भरलेल्या नरकापासून इथवरचा प्रवास सोळा शतकांचा आहे, आणि या सगळ्या काळात नरकाच्या अस्तित्वाचं सूत्र जागचं हललेलं नाही.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये एक वेगळी वाट आधीपासून होती. सातव्या शतकातल्या निनवेच्या इसहाकाच्या मते नरकात माणसाला जाळतं ते देवाचं प्रेमच. ज्यानं प्रेमाशी दगा केला त्याला तेच प्रेम चटके देतं. त्याच्या लेखनाचा हरवलेला दुसरा भाग अभ्यासक सबॅस्टियन ब्रॉक यांना १९८३ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सापडला. त्यात इसहाक स्पष्ट म्हणतो की देवाचा शेवटचा शब्द दया हाच असेल.

इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांमध्ये वाद अजून तापलेला आहे. त्यांच्यातलं मोठं नाव असलेल्या जॉन स्टॉट यांनी १९८८ साली दुष्टांचा अखेर नाश होतो, अनंत छळ नव्हे, या मताकडे आपला कल सांगितला तेव्हा खळबळ उडाली. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट तर हेच मत एकोणिसाव्या शतकापासून मानतात. अमेरिकेतल्या रॉब बेल यांनी २०११च्या आपल्या पुस्तकात नरकाविषयी नुसते प्रश्न विचारले तरी त्यांच्यावर पाखंडाचे आरोप झाले. भारतातल्याही अनेक इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत जुनं मतच शिकवलं जातं.

रिकामा नरक कुणाला परवडतो?

इतकं झाल्यावर नरक ही मागासलेली कल्पना आहे आणि सुधारलेल्या मनानं ती टाकून दिली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. क्रोएशियात जन्मलेले ईशज्ञानी मिरोस्लाव वोल्फ यांनी १९९६ साली त्याला हरकत घेतली. युगोस्लाव्हियातल्या युद्धात गावं जळाली होती, बायकांवर अत्याचार झाले होते. देव कुणाचा निवाडा करत नाही हा विचार सुखवस्तू उपनगरातल्या घरात सुचतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांचं सगळं गेलं त्यांना तो पटत नाही. वोल्फ यांचा मुद्दा सूडाचा नव्हता, उलट होता. निवाडा देवाकडे आहे असा विश्वास असेल तरच पीडित माणूस स्वतःच्या हातातली तलवार खाली ठेवू शकतो. दानिएलाच्या काळी मेलेल्यांचा निवाडा होईल हा विचार ज्यांना सुचला, तेही मारले गेलेल्यांच्या बाजूचे होते.

म्हणजे नरकाच्या कल्पनेचे दोन उपयोग झाले. जिंकलेल्यांनी तिचा वापर परक्यांना, वेगळ्या धर्माच्यांना, बाप्तिस्मा न झालेल्या पोरांना आत कोंबण्यासाठी केला. हरलेल्यांनी तिच्यात जुलमी माणसाची कुणीतरी दखल घेईल एवढी हमी शोधली. दोन हजार वर्षांत जे गळून पडलं ते मुख्यतः पहिलं. दुसरं गळायला तयार नाही, आणि ते गळावं असं वाटायलाही फारसं कारण नाही.

मत्तयाचा २५वा अध्याय या दृष्टीनं पुन्हा वाचण्याजोगा आहे. अनंत शिक्षेचा सर्वांत भक्कम आधार म्हणून ऑगस्टिनपासून सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. पण तिथल्या निवाड्याचा निकष पाहिला तर त्यात धर्ममत नाही, बाप्तिस्मा नाही, चर्चचं सभासदत्व नाही. भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला गेलात का, एवढंच विचारलं जातं. मुदत किती यावर ख्रिस्ती जगात रणं माजली. निकषाबद्दल मात्र तो अध्याय इतका स्पष्ट आहे की त्यावर वाद घालायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच कदाचित त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं.